निरोप घेणाऱ्या वर्गास

वाचनासाठीं : अनुवाद 8; गणना 11; 1 शमुवेल 2

दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या बहुतेक बोर्डिंगांतून शेवटल्या वर्गाचा निरोपसमारंभ होतो. सतरंज्या अंथरतात, हार आणतात, धाकट्या मुली एखादें गीत म्हणतात, आणि मग जाणाऱ्या मुलामुलींपैकीं दोघेचौघे उठून आपल्या पांचसहा वर्षांच्या आठवणी सांगतात. अशीं भाषणें आम्हीं पुष्कळ ऐकिलीं आहेत. तीं बहुधा एकाच वळणाचीं असतात. पहाटेची घंटा, थंड पाण्याची आंघोळ, पातळ आमटी, रात्रीं अभ्यासाच्या वेळीं लागलेली डुलकी, सुपरिंटेंडेंटसाहेबांचा आवाज. आणि शेवटीं, हे दिवस पुन्हां येणार नाहींत. मग सर्व मंडळी डोळे पुसूं लागते. या रडण्यास आम्ही हंसत नाहीं. ज्या छपराखालीं आपण वाढलों तें सोडतांना गळा दाटून येऊं नये काय? परंतु आठवण करणें याविषयीं पवित्र शास्त्राचें कांहीं म्हणणें आहे. तें या मुलांपुढें, आणि गांवीं त्यांची वाट पाहणाऱ्या मंडळ्यांपुढेंहि, ठेवावें असें आम्हांस वाटतें.

इस्राएल लोक चाळीस वर्षें रानांत होते. ती एक लांबलचक शाळाच होती, आणि ती संपत आली तेव्हां मोशेनें त्यांस उभें करून सांगितलें कीं, चाललेली सारी वाट आठवा. देवानें तुम्हांस लीन केलें, भुकेलें राहूं दिलें, आणि मग तुमच्या वाडवडिलांसहि ठाऊक नव्हता असा मान्ना खावयास दिला. अंगावरचीं वस्त्रें विरलीं नाहींत, पाय सुजले नाहींत. येथें भूक आणि मान्ना हीं दोन्हीं एका दमांत सांगितलीं आहेत, इकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पण याच लोकांनीं आणखी एका प्रकारें आठवण केलेली आहे, ती गणनाच्या अकराव्या अध्यायांत आहे. तेथें त्यांस मिसर देशांतील मासे आठवतात, कांकड्या, खरबुजें, कांदे, लसूण आठवतात. जणूं आठवड्याचा बाजारच भरला आहे! विटांच्या भट्ट्या, मुकादमांचे मार, नदींत टाकलेलीं तान्हीं बाळें, यांविषयीं एक अक्षर नाहीं. त्यांची आठवण खोटी होती असें नाहीं. मासे खरेच होते. ती अर्धी होती, आणि त्या अर्ध्या आठवणीनें त्यांस पुन्हां दास्याकडे ओढलें.

निरोपाच्या भाषणांत काय राहून जातें? पहिली रात्र राहून जाते. सहावीसातवींतलें पोर पत्र्याची पेटी उशाशीं घेऊन, तोंडावर पांघरूण ओढून, कोणास ऐकूं येऊं नये असें रडतें, ती रात्र. आणि दुसरें याहून मोठें राहून जातें, तें म्हणजे घरीं कोण राहिलें हें. बीड जिल्ह्यांत, आणि अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतील पाथर्डीकडे, दिवाळीच्या सुमारास गांवें कशीं ओस पडतात हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी, आणि पट्टा पडेपर्यंत घरीं परतणें नाहीं. अशा घरांतून एक मूल बोर्डिंगांत राहतें तेव्हां पुष्कळदां त्याची थोरली बहीण शाळा सोडून कोपीवर धाकट्यास सांभाळीत बसलेली असते. भावाच्या गुणपत्रिकेवर तिचें नांव कोठेंच नसतें. आमच्या मतें पातळ आमटीपेक्षां तिची आठवण आधीं निघावी.

भुकेच्या काळांतच आपल्या देशांतील पुष्कळ बोर्डिंगें भरलीं. 1896–97 आणि 1899–1900 चे दुष्काळ पडले तेव्हां अनाथ मुलांचे थवेच्या थवे मिशनांच्या आवारांत आले. मुंबईस 1889 सालीं शारदा सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंनीं त्या पहिल्या दुष्काळांत मध्य प्रांतांत जाऊन उपासमारीनें गांजलेल्या शेंकडों मुली व विधवा केडगांवास आणिल्या. आणि हें काम केवळ ख्रिस्ती लोकांनींच केलें असें मानणें अप्रामाणिकपणाचें होईल. भाऊराव पाटील यांनीं 1924 सालीं साताऱ्यास बोर्डिंग घातलें. त्यांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत. एकदां कोठींत दाणा उरला नाहीं, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपलें मंगळसूत्रहि काढून दिलें. त्या दिवशीं जेवलेल्या मुलांपैकीं कितीजणांस आपण काय खाल्लें हें समजलें असेल? मान्ना खाणारास तो कोठून येतो हें नेहमींच कळतें असें नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. देवानें लीन केलें असें मोशे म्हणतो, म्हणून बोर्डिंगांत सोसावें लागलेलें सारेंच देवाच्या पदरीं बांधूं नये. कोणा मुलास विनाकारण मारिलें असेल, कोणाच्या जातीचा वा गरिबीचा चारचौघांत उच्चार केला असेल, मुलांच्या वाटणीचें दूध दुसरीकडे गेलें असेल, तर ती देवाची शिस्त नव्हे. मिसरांतील मुकादमांनींहि लोकांस नमविलें होतें, पण शास्त्र त्यांचें नमविणें आणि रानांतील देवाचें शिकविणें यांची गल्लत कधींच करीत नाहीं. ज्या मुलीला अशी आठवण असेल तिनें ती उपकार मानण्याच्या भरांत गिळून टाकूं नये. कोणा विश्वासू वडील माणसापाशीं, आणि बोर्डिंग चालविणाऱ्यांपाशींहि, सांगावी. चालविणाऱ्यांनीं ती ऐकून घ्यावी. तिच्या मागें आणखी मुली येणार आहेत.

आतां शिलो येथें चला. शमुवेल अगदीं लहान असतां त्याच्या आईनें त्यास मंदिरांत एलीजवळ ठेविलें. हन्ना दरवर्षीं त्यासाठीं एक लहान अंगरखा करी व वार्षिक यज्ञास जातांना घेऊन जाई. पाठ्यपुस्तकांतून ही ओळ बहुधा गाळली जाते, कारण तिच्यांत चमत्कार नाहीं. पण विचार करा: मूल डोळ्यांपुढें नाहीं, आणि अंगरखा तर बेतावयाचा आहे. गेल्या वर्षीं खांद्यापर्यंत किती होता? यंदां किती वाढला असेल? शेजारच्या पोरास उभें करून तिनें माप घेतलें असेल. बाही आंखूड तर होणार नाहीं ना, म्हणून चार बोटें जास्त धरलीं असतील. बोर्डिंगांत मूल ठेवलेल्या प्रत्येक आईस हा बेत ठाऊक आहे. ती गणवेशाचें कापड अदमासानें घेते, आणि भेटीच्या रविवारीं लेंकराकडे पाहून, आपण वर्षभर त्याचें वाढणें पाहिलें नाहीं, हें मुकाट्यानें गिळते.

शमुवेल मोठा झाला आणि राम्यास, आईबापांच्या गांवीं, आपलें घर करून राहिला. सर्वच तसें करीत नाहींत. योसेफानें आपल्या थोरल्या मुलाचें नांव मनश्शे ठेविलें, कारण देवानें मला माझ्या बापाचें घर विसरावयास लाविलें असें तो म्हणाला. त्यास आम्ही दोष देत नाहीं. त्या घरानेंच त्यास विकलें होतें. पण तुम्हांस घरानें विकलें नव्हतें, मुलांनो. तुमच्यासाठीं घरानें काय विकलें याची चौकशी या सुट्टींत करून पाहा. शेळी विकली असेल, पुढल्या वर्षाची उचल आधींच घेतली असेल. नोकरी लागल्यावर आईच्या बोलण्याची, तिच्या लुगड्याची, अंगणांतल्या चुलीच्या धुराची लाज वाटूं लागली, तर समजावें कीं मिसराचे मासे आठवूं लागले.

गांवच्या मंडळ्यांसहि आमची विनंति आहे. हीं मुलें परत आल्यावर त्यांस पाहुण्यासारखें खुर्चीवर बसवूं नका, आणि चार बुकें शिकून शेफारलीं असेंहि म्हणूं नका. त्यांस काम द्या. रविवारच्या शाळेंतील पोरें त्यांच्या हवालीं करा. ज्या बाईस अक्षर येत नाहीं तिचे अर्ज, तिच्या बँकेचे कागद त्यांच्याकडून वाचून घ्या. आणि जी बहीण कोपीवर राहिली तिला कोणी विचारलें आहे काय? बाहेरून परीक्षेस बसण्याची सोय आज मुक्त विद्यालयांतून आहे. भावानें आपलीं जुनीं पुस्तकें रद्दींत न घालतां तिच्यापुढें ठेवावीं आणि संध्याकाळीं तिच्याजवळ बसावें.

जून महिन्यांत बोर्डिंग पुन्हां उघडेल. तुमच्या जागीं दुसरें पोर पेटी घेऊन येईल आणि पहिल्या रात्रीं तोंडावर पांघरूण ओढील. तुमच्यापैकीं जे त्याच गांवांत पुढें शिकावयास राहणार आहेत, त्यांनीं सुपरिंटेंडेंटसाहेबांची परवानगी काढून त्या संध्याकाळीं तेथें जावें, त्या पोरांच्या पंक्तीस जेवावें, आणि दिवे मालवेपर्यंत त्यांच्याजवळ बसावें. जातांना घरचे शेंगदाणे घेऊन गेल्यास फारच बरें.