दोष कुणाच्या टोकाला?



गेल्या पावसाळ्यात आमच्या निवासातल्या टीव्हीचे चित्र वारंवार अडकू लागले. बातम्या पाहता पाहता चेहऱ्यांचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा, मग पडदा काळा. आम्ही केबलवाल्याला फोनवर दोनदा सुनावले आणि त्या महिन्याचे पैसेही अडवून ठेवले.

शेवटी एक तरुण मीटर घेऊन आला. बाहेरून येणारा सिग्नल चांगला होता. मग त्याने आमचे कपाट पुढे ओढले. टीव्हीची जागा बदलताना वायर अपुरी पडली म्हणून आम्हीच दोन तुकडे हाताने पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. भिंतीच्या ओलीने आतले तांबे हिरवे पडले होते. याच वायरवरून पुढे शेजारच्या घरी फाटा गेला आहे. तिथल्या आजी आपलाच टीव्ही जुना झाला असे समजून गप्प बसल्या होत्या.

ही वायर साधी नसते. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा थर, त्यावर फॉईल व धातूची जाळी आणि बाहेर प्लास्टिकचे आवरण. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये अशा वायरचे पेटंट घेतले. आतला सिग्नल बाहेर सांडू नये आणि बाहेरचा गोंगाट आत शिरू नये, हे त्या जाळीचे काम. वायर पिळून जोडली की हे कवच तिथे तुटते. जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला, तरी सिग्नल जातो.

पूर्वी जॉइंट सैल झाला की पडद्यावर मुंग्या दिसायच्या आणि दोष वाढताना कळायचा. नागपुरात ॲनालॉग केबल बंद करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. डिजिटल सिग्नल कमजोर होत गेला, तरी चित्र बराच काळ स्वच्छ राहते आणि एका मर्यादेनंतर अचानक तुटते. म्हणून 'कालपर्यंत तर ठीक होते' हा आमचा युक्तिवादही लंगडाच होता.

आता प्रश्न असा : आम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही निर्दोष ठरतो का?

ॲरिस्टॉटलने 'नायकोमेकियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात म्हटले आहे की, ज्या अज्ञानाला माणूस स्वतः जबाबदार असतो, त्याबद्दल कायदा त्याला शिक्षा करतो. कारण काळजी घेणे त्याच्या हाती होते. कुणी म्हणेल, प्रत्येकाने काय केबलचे काम शिकावे? नाही. जाळीचे काम माहीत नसणे हा अपराध नव्हे. पण आम्ही अज्ञानी माणसासारखे वागलोच नाही. अज्ञानी माणूस विचारतो, 'काय झाले असेल हो?' आम्ही तर सर्व काही कळल्यासारखा निकाल दिला आणि दंडही वसूल केला. चुकीचा जॉइंट ही लहान चूक. न पाहता दुसऱ्यावर ठेवलेला ठपका ही मोठी. पहिलीची किंमत आजींनी मोजली, दुसरीची त्या तरुणाने.

त्याने पिळलेला भाग कापून दोन्ही टोकांना नीट कनेक्टर बसवले. काम काही मिनिटांचे. आम्ही अडवलेले पैसे दिले, त्याची माफी मागितली, मग शेजारी जाऊन आजींचीही. ते शेवटचे काम सर्वांत अवघड गेले.

आपल्याकडे चित्र अडकले, तर फोन करण्याआधी कनेक्टर हाताने घट्ट करून पाहा. पिळलेला जॉइंट आणि नको असलेला स्प्लिटर काढून घ्या. पावसात भिजणारी जागा झाकून घ्या. एवढे करूनही बिघाड राहिला, तर अवश्य फोन करा. पण सुरुवात आरोपाने नव्हे, प्रश्नाने करा. घरातल्या माणसांशी बोलतानाही हा क्रम उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.