तुमच्या तंबूत माणसे किती?



अरण्यात मान्ना पडला तेव्हा परमेश्वराने मापही सांगितले होते. निर्गम ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात ते आहे: माणशी एक ओमर, आणि आपल्या तंबूत जितकी माणसे असतील त्या मानाने गोळा करावे. तंबूमागे सरसकट एकच माप, असे देवाने म्हटले नाही.

आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०१९ मध्ये तिच्यात विधवा भगिनीला महिना १,००० रुपये ठरले. एक मूल असल्यास १,१०० आणि दोन असल्यास १,२००. म्हणजे एका लेकराचा महिन्याचा खर्च शंभर रुपये! दूध, वह्या, ताप आला तर डॉक्टर, सगळे त्यातच. २०२३ मध्ये रक्कम वाढून सर्वांना १,५०० झाली. वाढीचा आनंदच आहे. पण मुलांसाठी जो थोडका फरक होता, तोही त्यात पुसला गेला. स्वतःच्या घरात एकटी राहणारी मावशी आणि दोन शाळकरी मुलांना घेऊन भाड्याच्या खोलीत राहणारी आई, दोघींच्या हाती तेवढेच पैसे. मावशीचे तेल-मीठ, औषध कसेबसे भागेल. त्या आईचे खोलीभाडेही निघत नाही.

अटीचेही तसेच. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवे, ही मर्यादा वर्षानुवर्षे चालत आली. महिन्याचे झाले १,७५०, मग घरात दोघे असोत की सहा. रेशन दुकानात मात्र प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. म्हणजे माणसे मोजणे सरकारला जमत नाही, असे नाही.

सरकारला बोल लावणे सोपे आहे. गेल्या नाताळात आपण गरजू घरांना तांदळाच्या पिशव्या दिल्या, सगळ्या सारख्याच. यादी मीच केली होती. एका दारात पिशवी ठेवली आणि आतून एकामागून एक पाच मुले बाहेर आली. पुढच्या घरी एक आजोबा एकटेच होते. ते म्हणाले, "फादर, एवढे मी कधी खाऊ?"

प्रेषितांच्या काळातील मंडळी ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून देत असे. आपण ते वाचतो आणि पिशव्या मात्र सारख्या भरतो.

संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांनी यंदाच्या यादीत एक रकाना वाढवला आहे: या घरात जेवणारी तोंडे किती? पुढील रविवारी पहिल्या मिस्सानंतर ते सभागृहात बसतील. उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी तहसील कचेरीत सोबत हवी असेल, तर त्यांना जरूर सांगा.