व्यसन, रस आणि मुखत्यारपत्र

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन श्रीभगवंतांना विचारतो की, मनात नसताही मनुष्य कोणाच्या जोरावर पापाकडे ओढला जातो? तेथे तो ‘दुराचारी’ असे म्हणत नाही, ‘पूरुष’ हा सामान्य शब्द योजतो. मद्याच्या आहारी गेलेला मनुष्य व आपण यांत जातीचा भेद नाही, हे त्या एका शब्दात आले. घरात असा मुलगा किंवा भाऊ असला म्हणजे सज्जन गृहस्थ त्याला शपथा घालतात, आणि शपथ मोडताच त्याची निर्भर्त्सना करतात. शपथ घेताना तो बहुधा खोटे बोलत नसतो, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. विषय दूर केला तरी त्याचा रस मागे उरतो, हे दुसऱ्या अध्यायात स्पष्टच सांगितले आहे.

कलकत्त्याच्या बागबाजारातील नाटककार व नट गिरीशचंद्र घोष (१८४४–१९१२) यांचे मद्यपान सर्वश्रुत होते. २१ सप्टेंबर १८८४ रोजी श्रीरामकृष्ण परमहंस त्यांचे ‘चैतन्यलीला’ नाटक पाहण्यास स्टार रंगभूमीवर आले. पुढे गिरीशबाबूंचा त्यांच्याकडे ओढा वाढला. तथापि परमहंसांनी त्यांना मद्य सोडण्याची आज्ञा केली नाही! पुष्कळांना हे आजही खटकते. पण मोडणारी शपथ घेवविण्यात कोणते हित होते?

आपण काय करावे, असे गिरीशबाबूंनी विचारले, तेव्हा सकाळ-सायंकाळ ईश्वराचे स्मरण करण्यास सांगण्यात आले. ते गप्प राहिले. मग भोजनापूर्वी व निजण्यापूर्वी तरी? तेवढेही वचन देण्याचे धैर्य त्यांना होईना. आपला भरवसा आपल्यालाच नाही, हे ते जाणून होते. तेव्हा परमहंस म्हणाले की, तर मग मुखत्यारपत्रच मला द्या. बंगालीत यास ‘बकलमा’ म्हणतात. गिरीशबाबूंना मोठा भार उतरल्यासारखे वाटले.

याचा अर्थ उपचार नकोत, असा कोणी घेऊ नये. व्यसनाधीनता हा रोग आहे, असे वैद्यकशास्त्र आज मानते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य तोडल्यास कंप, झटके, क्वचित प्राणसंकटही ओढवते. म्हणून डॉक्टरांची देखरेख अवश्य हवी. शरीर असे सावरले तरी रसाचा प्रश्न उरतोच.

गिरीशबाबूंचे मद्य कालांतराने सुटले. परंतु मुखत्यारपत्र त्यांना वाटले तितके स्वस्त ठरले नाही. एका क्षुल्लक गोष्टीविषयी ‘मी हे करीन’ असे ते सहज बोलून गेले, तोच परमहंसांनी टोकले की, ‘मी करीन’ म्हणण्याचा अधिकार आता तुम्हांस कोठे उरला? उत्तरवयात गिरीशबाबू सांगत की, जपतपाला निदान शेवट असतो. येथे मात्र पावलोपावली, श्वासोच्छ्वासी पाहावे लागते की, हे त्याच्या बळावर चालले आहे की या हतभागी ‘मी’च्या. दोन वेळचे स्मरण जमणार नाही म्हणून जे गप्प राहिले होते, त्यांना आता स्मरणावाचून एक घटकाही मोकळी सापडेना.