माया कोणाची जास्त?

दत्तमहाराजांच्या तसबिरीत मागे गाय असते, पायाशी चार श्वान असतात. मांजर नसतं. यावरून आमच्या पारायण मंडळात एकदा चांगलीच जुंपली. एक काका म्हणाले, मांजर मतलबी, ते घरावर जीव लावतं, माणसावर नाही. म्हणूनच महाराजांनी त्याला जवळ केलं नाही.

मला हे पटलं नाही. ते श्वान म्हणजे चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. वेदांना इमानदारीचा दाखला कशाला हवा? आणि भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांचे चोवीस गुरू आहेत, त्यांत अजगर, मासा, कोळी आहेत, पण कुत्राही नाही नि मांजरही नाही. कपोत मात्र आहे, बायकापिलांच्या मायेपायी जाळ्यात सापडणारा. म्हणजे जास्त माया म्हणजे जास्त गुण, असा हिशेब तिथे नाहीच.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला, कळपात राहणारा. त्याची माया दिसते. मालक वारल्यावर टोकियोच्या शिबुया स्टेशनवर नऊ वर्षं वाट पाहणारा हाचिको जगाला ठाऊक आहे. मांजराचे पूर्वज एकट्याने शिकार करणारे. धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागे ते माणसाजवळ आले. हुकूम ऐकणं त्यांच्या रक्तातच नाही. तरी २०१९ साली अमेरिकेत ओरेगॉनच्या संशोधकांना आढळलं, की सुमारे दोन तृतीयांश मांजरांना आपलं माणूस जवळ आलं की धीर येतो. दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांनी तर शरणागतीला दृष्टान्त दिला तो मांजराच्या पिलाचा. माकडाचं पिलू आईला घट्ट धरतं. मांजराचं काहीच करत नाही, आई उचलेल तिकडे जातं.

आमच्या घरी मोती आणि मनी दोघं आहेत. सौ.च्या शेवटच्या दुखण्यात मोती दारात बसून असायचा. ती गेली तेव्हा त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, सगळ्या सोसायटीने कौतुक केलं. मनी त्याच संध्याकाळी दूध प्यायली. सूनबाई म्हणाली, "बघा बाबा, हिला काही आहे का?"

पण पुढे चार महिने मनी सौ.च्या रिकाम्या गादीवरच झोपत होती. गादी उन्हात टाकली की ही पण उन्हात. उबेसाठी म्हणावं तर तेव्हा वैशाख होता! हे मी कोणाला बोललो नाही. बँकेत आयुष्यभर खतावणी केली, तिथे नोंद नाही ती रक्कम नाही. पण कुत्र्याची शेपटी हलते, तेवढीच नोंद धरायची आणि मांजराचं खातं कोरं म्हणायचं, हा न्याय कसला? मोतीची माया आपल्याला सुखावते, म्हणून ती आपल्याला मोठी वाटते, एवढंच मला यात दिसतं.

सूनबाईचं म्हणणं आहे, मनीला कोणाला तरी देऊन टाकू, नातवाला केसांचा त्रास होतो. नातवाचं औषधपाणी बघू, खोलीचं दार बंद ठेवू. मनी कुठेही जाणार नाही, आणि ती गादीही.