शेजारधर्माची कसोटी

३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाचे 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्याभोवतालची तेरा राष्ट्रे वादळांच्या नावांची सामाईक यादी ठेवतात. त्यांत भारत व पाकिस्तान यांसारखी परस्परांशी लढलेली राष्ट्रेही आहेत. मग संकटात शेजाऱ्याला सावध करणे हा उपकार म्हणावा की कर्तव्य?

१२ नोव्हेंबर १९७० च्या वादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. १९७२ साली या प्रदेशातील राष्ट्रांचे चक्रीवादळविषयक संयुक्त मंडळ स्थापन झाले. आज नवी दिल्लीतील केंद्र वादळाच्या मार्गाचा अंदाज सर्व सदस्यराष्ट्रांना कळविते आणि बांगलादेशात हजारो स्वयंसेवक तो इशारा वस्तीवस्तीत पोहोचवितात. मे २०२० मध्ये 'अम्फान' येण्यापूर्वी तेथील वीस लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी नेण्यात आले. तेथील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. दोन वादळांचा जोर सारखा नसतो हे मान्य करूनही हा फरक थोर आहे.

आमच्या मते हे कर्तव्यच होय. उपकारकर्ता मनात येईल तेव्हा हात आखडता घेऊ शकतो. परंतु वादळाची निरीक्षणे अनेक किनाऱ्यांवरून गोळा होतात. त्यांतून लाभलेले ज्ञान अडवून ठेवण्याचा अधिकार कोणा एकाला कसा असेल?

तथापि, इशारा दिल्याने देणाऱ्याचे काही उणे होत नाही. पाण्याचे तसे नाही. २०११ साली तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार पश्चिम बंगाल राज्याच्या विरोधामुळे ऐनवेळी अडला. त्या राज्याने आपल्या उत्तरेकडील शेतकऱ्यांचे हित पुढे केले. ते हित खोटे नव्हते. परंतु सीमेपलीकडे रंगपूरच्या शेतकऱ्यालाही कोरड्या ऋतूत तेच पाणी हवे असते. हवामान बदलत असता, पावसाचा भरवसा घटत असता, हा पेच अधिकच बिकट होणार.

पाटाच्या वरच्या अंगाला ज्याची वाडी, त्याने खालच्याची पाळी मोडू नये, हा आपल्या गावांतील जुना रिवाज. वादळाच्या रात्री शेजारधर्म पाळणे त्यामानाने सोपे असते. कोरड्या ऋतूत स्वतःचे थोडे कमी करून तो पाळावा लागतो, आणि बांगलादेशाला आज या दोन्हींची गरज आहे.