एक्केचाळीस नंबरची नोंद

घरात काही बिघडले की आधी काय बिघडले ते शोधावे, की कोणी बिघडवले ते? तत्त्वज्ञांचे मत काहीही असो, आमच्या घरात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिला प्रश्न पडायच्या आतच तयार असते.

आमचा संगणक आपणहून बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला, तेव्हाची गोष्ट. सोसायटीच्या ताळेबंदातला साडेसात रुपयांचा फरक मला सापडणार एवढ्यात पडदा काळा! मग जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने स्वारी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"हे त्या गेमचे प्रताप!" मी निकाल दिला. गेम खेळणारा माझा भाचा, कॉलेजसाठी आमच्याकडे राहिलेला. पुरावाही भक्कम होता. तो गेम लावून बसला की यंत्र हमखास मान टाकायचे.

"मामा, मी खरंच काही केलं नाही."

"सगळे असंच म्हणतात."

खटला संपला. त्याने पुन्हा संगणकाला हात लावला नाही. जेवतानाही एक पोळी कमी घेऊ लागला. हे हिच्या लक्षात आले, माझ्या नाही.

मे महिन्यात तो सांगलीला घरी गेला. संगणकाचे पडणे मात्र चालूच! दिवसातून दोनदा पडायचा तो आता चारदा पडू लागला. शेवटी दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. "हे कोण वापरतं?" असे तो विचारील म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. त्याने विचारलेच नाही. विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्याने एक्केचाळीस नंबरची नोंद दाखवली.

"काय म्हणतंय?"

"आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला म्हणतंय."

"ते मलाही माहीत आहे. पण कारण?"

त्याने बोट ठेवले. तिथे शून्य होते. "काका, काय झालं ते लिहून ठेवायला त्याला वेळच मिळाला नाही. मग तो शून्य टाकतो."

मी त्या शून्याकडे बघत राहिलो. यंत्राला कारण कळले नाही, त्याने शून्य लिहिले. मलाही कळले नव्हते. मी त्या जागी भाच्याचे नाव लिहिले होते.

पुढे तो पोरगा एका वेळी एकच गोष्ट बदलत गेला. रॅमच्या पट्ट्या काढल्या, शाळकरी खोडरबराने घासल्या, एकेक लावून पाहिली. संगणक पडलाच. मग स्वतःच्या पिशवीतला पॉवर सप्लाय जोडला. एक तास झाला, दोन तास झाले, चहा दोनदा झाला. संगणक ढिम्म हलला नाही.

जाताना त्याने कोपऱ्यात काढून ठेवलेले कव्हर उचलले. "काका, हे पुन्हा घालू नका."

रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना कपडे शिवणाऱ्या पिढीतला मी. धूळ बसू नये म्हणून जाड कापडाचे ते कव्हर मीच शिवून आणले होते, झालरीसकट! झालर वर करायची आणि बटण दाबायचे. मागे पॉवर सप्लायचा पंखा वर्षानुवर्षे गुदमरत होता. उष्णतेने आतले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. गेमला वीज जास्त लागते, ती मागितली की बिचाऱ्याचा दम तुटायचा. म्हणजे गेम हा साक्षीदार होता. मी त्यालाच पिंजऱ्यात उभे केले होते.

कारण शोधायला खोडरबर लागते, सवड लागते आणि ‘ठाऊक नाही’ म्हणायची तयारी लागते. दोष द्यायला यांतले काहीच लागत नाही. जवळ माणूस असला की झाले. आणि तो आश्रयाला आलेला असला तर उलट उत्तराचीही भीती नाही.

ही काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "सांगलीला फोन कधी करताय?"

केला. "अरे, ते आपलं..." म्हणून सुरुवात केली आणि "आंबे आले का तिकडे?" वर आलो. पुन्हा सुरुवात केली. या वेळी उकाड्यावर आलो. तिसऱ्यांदा कॉलेजच्या फीवर. माझा पॉवर सप्लायही फारसा भक्कम नसावा! चौथ्या खेपेला मात्र वाक्य पुरे झाले.

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "मामा, कव्हर काढलंत का?"