हिरवा चष्मा आणि कोंड्याचा मेंदू

दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले असत्य क्षम्य ठरते काय? नीतिशास्त्रातील हा जुना प्रश्न एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाच्या ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ या १९०० सालच्या बालकादंबरीत अगदी अनपेक्षितपणे सामोरा येतो.

वादळाने ऑझ या अद्भुत प्रदेशात नेऊन टाकलेल्या डोरोथीला घरी परतायचे आहे. तिच्या सोबत्यांपैकी बुजगावण्याला बुद्धी हवी, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय हवे, भित्र्या सिंहाला धैर्य हवे. सारे पाचूनगरीच्या थोर जादूगाराकडे जातात. प्रत्यक्षात तो बलूनमधून भरकटत आलेला सर्कशीतला एक साधा माणूस असतो.

कादंबरीत त्या नगरीतील प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा कुलूप लावून बसविलेला आहे. नगरी इतर नगरांहून अधिक हिरवी नाहीच; हिरवी आहे ती काच. १९३९ च्या चित्रपटात चांदीच्या जोड्यांचे माणकांचे जोडे झाले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण तेथे चष्माही गळला आणि नगरी खरोखरीच हिरवी झाली! त्यामुळे जादूगाराचा एक मोठा अपराध परस्पर पुसला गेला. दुसरा मात्र दोन्हीकडे कायम आहे. आपले दुबळेपण झाकण्यासाठी तो एका लहान मुलीला दुष्ट चेटकिणीच्या तोंडी धाडतो. या असत्यात परोपकाराचा लवलेशही नाही.

कोंड्याची गोष्ट निराळी. सोंग उघडे पडल्यावर तो बुजगावण्याला सांगतो की तुला मेंदूची गरज नाही, अनुभवानेच ज्ञान येते. सिंहालाही तो म्हणतो की धैर्य तुझ्यापाशी आहे, उणीव आहे ती आत्मविश्वासाची. दोघांचेही समाधान होत नाही. मग तो कोंड्यात टाचण्या व सुया मिसळून मेंदू देतो, भुसा भरलेले रेशमी हृदय देतो, बशीतून धैर्य पाजतो. अशक्य गोष्टी लोकच माझ्याकडून करवून घेतात, ही त्याची तक्रार मला निव्वळ पळवाट वाटत नाही. सत्य आधी सांगून झाले होते. ते नाकारणाऱ्याचाही या फसवणुकीत वाटा आहे. चित्रपटात त्यांच्या जागी पदविका, हृदयाच्या आकाराचे घड्याळ आणि पदक येते. ते सुटसुटीत खरे, पण मूळ पेच तेथे सैल पडतो.

त्याची भरपाई चित्रपट आपल्या पदरच्या एका प्रसंगाने करतो. घर सोडून निघालेली डोरोथी एका फिरत्या भविष्यवेत्त्याला भेटते. फ्रँक मॉर्गन हाच नट पुढे जादूगार होतो. तो तिला डोळे मिटायला लावतो, तिच्या टोपलीतील एम मावशीचे छायाचित्र हळूच पाहून घेतो आणि मावशी शोकाने कोसळल्याचे ‘दृश्य’ वर्णन करतो. हेतू शुद्ध आहे. पोर घरी परतावी. ती धावत सुटते. तोवर आकाश काळवंडलेले असते, आणि ती अंगणात पोहोचते तेव्हा घरच्यांनी तळघराचे दार आतून लावून घेतलेले असते.